अनेक नगरपालिका, एक कचरा प्रकल्प : सामायिक व्यवस्था उभारण्याची रीत

शास्त्रोक्त भरावभूमीचे (कचरा सुरक्षितपणे पुरण्याच्या जागेचे) अस्तर, लीचेटवरील (कचऱ्यातून झिरपणाऱ्या दूषित पाण्यावरील) प्रक्रिया, वजनकाटा, अवजड वाहने आणि या साऱ्यावर लक्ष ठेवणारा प्रशिक्षित अभियंता हा खर्च रोज ८ टन कचऱ्यासाठी करावा लागला काय आणि ८० टनांसाठी करावा लागला काय, त्याच्या एकूण रकमेत दहापट फरक पडत नाही. टनामागे पडणाऱ्या दरात मात्र कित्येक पटींचा फरक पडतो. लहान नगरपालिकांचा कचरा उघड्यावर पडून राहण्यामागे अनास्था हे एक कारण असले, तरी हे साधे गणित त्याहून मोठे कारण आहे. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार कमी उत्पन्नाच्या देशांतील स्थानिक स्वराज्य संस्थांचा जवळजवळ २० टक्के खर्च एकट्या कचऱ्यावर होतो आणि तरीही जगातील किमान एकतृतीयांश कचऱ्याची विल्हेवाट सुरक्षितपणे लागत नाही.

शेजारच्या संस्थांनी एकत्र येणे हा यावरचा जुना आणि अनेक देशांत रुळलेला मार्ग आहे. फ्रान्समध्ये २२ मार्च १८९० च्या कायद्याने गावांना एखाद्या कामापुरते एकत्र येऊन संयुक्त मंडळ स्थापण्याची मुभा दिली. इंग्लंडमध्ये १९८६ साली महानगरी काउंटी परिषदा बरखास्त झाल्यावर ग्रेटर मँचेस्टर आणि मर्सीसाइड येथे कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी संयुक्त प्राधिकरणे आली. भारताच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही पाच लाखांहून कमी लोकसंख्येच्या संस्थांसाठी सामायिक किंवा प्रादेशिक भरावभूमीची वाट दाखवली होती.

कायदा परवानगी देतो, पण एकत्र नांदण्याची हमी देत नाही. पुढे सांगितलेले टप्पे त्याच क्रमाने घ्यावेत असा माझा आग्रह आहे. सामायिक प्रकल्प बहुतेक वेळा मोडतात ते यंत्र बंद पडल्यामुळे नव्हे; कुणाचा कचरा किती आणि त्याचा भार कुणावर किती, हे दोन प्रश्न निविदा निघण्यापूर्वी सुटलेले नसतात म्हणून मोडतात.

आधी मोजणी, मग बैठक

पहिल्या संयुक्त बैठकीला येताना प्रत्येक संस्थेच्या हाती स्वतःचे मोजलेले आकडे असावेत. माणशी सरासरी धरून काढलेला अंदाज सुरुवातीला चालतो, पण त्यावर करार करू नये. जागतिक सरासरी माणशी दररोज ०.७४ किलो आहे, आणि देशादेशांतील सरासरी ०.११ पासून ४.५४ किलोपर्यंत बदलते. एवढ्या रुंद पट्ट्यात आपले गाव नेमके कुठे बसते, हे काट्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

मोजणी सलग आठ दिवस करावी, म्हणजे बाजाराचा दिवस आणि सुट्टीचा दिवस दोन्ही त्यात येतात. आणि ती कोरड्या व पावसाळी अशा दोन्ही ऋतूंत करावी. पावसात भिजलेला कचरा बराच जड भरतो, आणि पुढे टनावर पैसे आकारले जाऊ लागले की त्यातले पाणीही पैसे देऊन वाहून न्यावे लागते. एकाच ऋतूच्या आकड्यांवर वाटा ठरवला, तर पुढच्या ऋतूतल्या पहिल्याच देयकावर वाद उभा राहतो.

वजनाबरोबर घटकही तपासावेत. त्याची जुनी आणि भरवशाची रीत अशी : वेगवेगळ्या वस्त्यांतून आलेल्या गाड्यांतला थोडा थोडा कचरा ताडपत्रीवर ओतून नीट मिसळावा, ढिगाचे चार समान भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग बाजूला सारून उरलेले दोन पुन्हा मिसळावेत, आणि सुमारे शंभर किलो उरेपर्यंत हीच कृती करत राहावी. मग हातमोजे घातलेल्या कामगारांनी तो ढीग ओला, कागद, प्लास्टिक, काच, धातू, कापड, माती-राडारोडा आणि घातक कचरा असा निवडून प्रत्येक घटक स्वतंत्र तोलावा. हे काम किळसवाणे वाटले, तरी निर्णय घेणाऱ्यांपैकी निदान एकाने तिथे शेवटपर्यंत उभे राहावे. ढिगातला किती भाग निव्वळ माती आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की ज्वलन प्रकल्पाच्या चकचकीत सादरीकरणाने माणूस सहज भुलत नाही.

या लेखात पुढे एक कल्पित उदाहरण घेऊ. पाच नगरपालिकांची लोकसंख्या अनुक्रमे ९०, ४५, ३०, २० आणि १५ हजार आहे. माणशी ४०० ग्रॅम धरले, तर त्यांचा दररोजचा कचरा ३६, १८, १२, ८ आणि ६ टन, म्हणजे एकूण ८० टन होतो.

काय एकत्र करायचे आणि काय करायचे नाही

सगळेच काम सामायिक संस्थेकडे सोपवण्याचा मोह टाळावा. घरोघरचे संकलन, रस्तेसफाई, विलगीकरणाची शिस्त आणि नागरिकांच्या तक्रारी ही कामे ज्या त्या नगरपालिकेकडेच राहावीत, कारण तिथे अंतर जितके कमी तितके काम चांगले होते. भरावभूमी, सुक्या कचऱ्याची मोठी वर्गीकरण केंद्रे, घातक घरगुती कचऱ्याची साठवण, लांब पल्ल्याची वाहतूक आणि तांत्रिक देखरेख ही कामे एकत्र करावीत, कारण त्यांत आकारमानाचा फायदा खरोखर मिळतो.

खरा प्रश्न ओल्या कचऱ्याचा असतो. तो जड असतो, लवकर सडतो आणि त्याच्या वजनाचा मोठा भाग पाणी असते. म्हणजे तो दूर नेणे हे पुष्कळ अंशी पाणी वाहून नेणेच होय. विंड्रो पद्धतीचे, म्हणजे लांबट ढीग लावून केलेले कंपोस्ट लहान प्रमाणावरही नीट होते : ओलावा ५० ते ६० टक्के राखावा, कार्बन-नायट्रोजन प्रमाण ३० : १ च्या आसपास ठेवावे, ढिगाचे तापमान काही दिवस सलग ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहील हे पाहावे आणि वेळच्या वेळी ढीग उलटत राहावे, म्हणजे साधारण दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. त्यामुळे ओला कचरा शक्यतो गावातच जिरवावा आणि सामायिक प्रकल्पाकडे सुका व उर्वरित कचराच पाठवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या नगरपालिकेकडे जागाच नाही, तिच्यासाठी अपवाद ठेवता येतो.

या निर्णयाचा वाहतुकीवर काय परिणाम होतो, ते २० हजार वस्तीच्या नगरपालिकेवरून पाहू. सामायिक प्रकल्प तिथून ४० किलोमीटरवर आहे असे समजा. एक टन वाहणाऱ्या छोट्या गाड्या थेट प्रकल्पापर्यंत धाडल्या, तर ८ टनांसाठी रोज ८ फेऱ्या आणि ६४० किलोमीटर धावणे होते. शिवाय त्या गाड्या रस्त्यात असताना गावातले संकलन खोळंबते, हे नुकसान कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. गावातच हस्तांतरण केंद्र केले, छोट्या गाड्या उतारावरून मागे घेऊन खालच्या मोठ्या कंटेनरमध्ये रिकाम्या केल्या आणि दहा टनी वाहनाने एकच फेरी केली, तर ते धावणे ८० किलोमीटरवर येते. त्यातला निम्मा ओला कचरा गावातच जिरला, तर उरलेल्या चार टनांसाठी ती फेरी एक दिवसाआड केली तरी भागते, कारण सुका कचरा झाकलेल्या कंटेनरमध्ये दोन दिवस थांबू शकतो. ओला थांबू शकत नाही. हस्तांतरण केंद्राला छप्पर, पक्की फरशी आणि सांडपाणी अडवणारी गटारे मात्र पहिल्या दिवसापासून हवीत, नाहीतर शहराच्या मध्यावर दुसरा कचरा डेपो तयार होतो.

आणखी एक गोष्ट सामायिक संस्थेच्या गळ्यात घालू नये, ती म्हणजे प्रत्येक गावाचा जुना ढीग. वर्षानुवर्षे साचलेल्या कचऱ्याचे बायोमायनिंग करून, म्हणजे तो उकरून, चाळून, वेगळा करून जागा मोकळी करणे ही ज्या त्या नगरपालिकेची जबाबदारी आहे. यंत्रे आणि ठेका एकत्र घेता येईल. देणे मात्र स्वतंत्रच राहावे. एकाचे जुने पाप सगळ्यांच्या नव्या खात्यात आले, तर ज्यांनी आपले आवार स्वच्छ ठेवले त्यांना एकत्र येण्याची शिक्षा होते.

संस्थेचे स्वरूप आणि मताधिकार

एकत्र येण्याचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिल्यात एक नगरपालिका प्रकल्प चालवते आणि बाकीच्या तिच्याकडून शुल्क भरून सेवा घेतात. हे लवकर सुरू होते, पण चालक नगरपालिकेच्या अडचणी आणि तिचे स्थानिक राजकारण सगळ्यांवर लादले जाते. दुसऱ्यात करारान्वये संयुक्त समिती असते. तिला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसल्याने ती कर्ज घेऊ शकत नाही, आणि नोकरभरती व मालमत्ता कुणाच्या तरी एकाच्या नावावर करावी लागते. तिसऱ्यात स्वतंत्र प्राधिकरण, मंडळ किंवा कंपनी स्थापन होते आणि मालमत्ता, कर्ज, ठेके हे सारे तिच्या नावाने होते. वीस-पंचवीस वर्षे चालणारी भरावभूमी उभारायची असेल तर तिसराच प्रकार घ्यावा. निव्वळ वाहने किंवा यंत्रे वाटून वापरायची असतील, तर दुसऱ्याने भागते.

मताधिकार ठरवताना आपल्या उदाहरणाकडे पाहा. मते कचऱ्याच्या प्रमाणात दिली, तर पहिल्या नगरपालिकेकडे ४५ टक्के आणि दुसरीकडे साडेबावीस टक्के मते येतात. या दोघींनी मिळून दोनतृतीयांशाची अटही पूर्ण होते आणि उरलेल्या तिघी केवळ हजेरी लावायला उरतात. उलट प्रत्येकीला एकेक मत दिले, तर ६५ हजार लोकसंख्येच्या तीन लहान नगरपालिका १ लाख ३५ हजारांवर खर्च लादू शकतात. म्हणून दर, कर्ज, नवा सभासद आणि नवी जागा अशा मोठ्या निर्णयांना दुहेरी बहुमत लावावे : कचऱ्याच्या प्रमाणात दोनतृतीयांश मते आणि त्याचबरोबर पाचपैकी किमान तीन नगरपालिकांची संमती. रोजच्या कारभारासाठी साधे बहुमत पुरते.

प्रत्येक सर्वसाधारण सभेचा ठराव एकाच मसुद्यावर, शब्दशः सारखा झाला पाहिजे. एका सभेने एखादी अट घातली आणि दुसरीने ती वगळली, तर त्या फटीतूनच पुढे न्यायालयीन प्रकरण उभे राहते. निवडणुकांनंतर नवे सदस्य येणार हे धरून करार शासनाकडे नोंदवावा आणि त्याची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी ठेवू नये.

खर्चाची वाटणी

खर्चाचे दोन भाग करावेत. कर्जाचे हप्ते, पगार, विमा, देखरेख हा स्थिर खर्च कचरा कमी आला तरी थांबत नाही. तो प्रत्येकीने आरक्षित केलेल्या क्षमतेच्या प्रमाणात वाटावा. इंधन, रसायने, मातीचे आच्छादन, सुटे भाग हा बदलता खर्च प्रत्यक्ष आलेल्या टनांवर आकारावा. सगळा खर्च टनांवर टाकला, तर कचरा कमी करणाऱ्या नगरपालिकेमुळे इतरांचा दर वाढतो आणि चांगल्या कामाचा राग येऊ लागतो. सगळा खर्च लोकसंख्येवर टाकला, तर कचरा कमी करण्याचे कारणच उरत नाही.

वाहतुकीचा खर्च एकत्रित करावा आणि प्रत्येक हस्तांतरण केंद्राच्या दारात टनाचा दर सारखाच ठेवावा, असे मी सुचवतो. प्रकल्प कुठे होणार हे भूजल आणि जमीन ठरवतात. दूर पडलेल्या नगरपालिकेने त्याचा दंड का भरावा? ज्या गावाच्या हद्दीत प्रकल्प येतो, त्याला मात्र प्रत्येक टनामागे वेगळे यजमान शुल्क मिळावे.

ठेकेदार किंवा कर्ज देणारी संस्था किमान टनांची हमी मागते, तेव्हा सर्वांत जास्त सावध राहावे. ‘एवढा कचरा द्या, नाहीतर एवढ्याचे पैसे भरा’ अशी अट मोजणीच्या आकड्याइतकी ठेवली, तर पुढची वीस वर्षे विलगीकरण वाढवणे म्हणजे स्वतःवर दंड ओढवून घेणे ठरते. हमी द्यायचीच असेल तर मोजलेल्या कचऱ्याच्या बऱ्याच खाली द्यावी आणि दर काही वर्षांनी ती उतरवण्याची तरतूद ठेवावी. क्षमतेबाहेरच्या प्रकल्पाचे ओझे काय करते, ते अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाची राजधानी हॅरिसबर्ग येथे दिसले. कचरा जाळण्याच्या भट्टीच्या नूतनीकरणासाठी काढलेल्या कर्जाला शहराने हमी दिली होती. ते कर्ज फिटेना, तेव्हा ऑक्टोबर २०११ मध्ये शहराच्या परिषदेने दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यायालयाने तो फेटाळला आणि २०१३ साली ती भट्टी शेजारच्या लँकेस्टर काउंटीच्या कचरा प्राधिकरणाला विकावी लागली.

ज्वलनाबद्दल इथेच सांगतो. ओला आणि मातीमिश्रित कचरा धड जळत नाही. जाळून ऊर्जा काढायची, तर किलोमागे सुमारे १,५०० किलोकॅलरी उष्मांक असलेला, पुनर्वापर न होणारा कचरा हवा. घटकांच्या तपासणीत तो पुरेसा आढळला नाही, तर या पर्यायावर सल्लागाराचा एक दिवसही खर्चू नये.

जागा आणि यजमान गाव

भरावभूमीची गरज आधी आकड्यांत मांडावी. आपल्या उदाहरणात ८० टनांपैकी प्रक्रियेनंतर २० टन उरतात असे धरले, तर वर्षाला ७,३०० टन होतात. घनमीटरमागे ०.८ टन इतके दाबले, तर वर्षाला सुमारे ९,१०० घनमीटर आणि वीस वर्षांत १ लाख ८२ हजार घनमीटर जागा लागते. मातीच्या आच्छादनासाठी १५ टक्के धरून ती साधारण २ लाख १० हजार घनमीटरवर जाते. सरासरी दहा मीटर उंचीने भरल्यास ही २.१ हेक्टर जमीन झाली, आणि हिरवा पट्टा, रस्ते, लीचेट टाकी यांची जागा वेगळी. तोच ८० टन कचरा न निवडता पुरला तर चौपट जमीन लागते. हा एक हिशेब लोकांपुढे फलकावर मांडला, तर विलगीकरणाचा आग्रह कशासाठी आहे ते लगेच पटते.

जागेचे निकष उदाहरणादाखल भारताच्या २०१६ च्या नियमांतून घेता येतील : नदीपासून १०० मीटर, तलाव, महामार्ग, वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर, विमानतळापासून २० किलोमीटर. तळाशी ९० सेंटिमीटर दाबलेल्या चिकणमातीवर दीड मिलिमीटर जाडीचे एचडीपीई (दाट, टिकाऊ प्लास्टिकचे) अस्तर, आणि अस्तराचा तळ भूजलाच्या सर्वोच्च पातळीपासून किमान दोन मीटर वर. भूजलाची ती पातळी पावसाळा संपताना मोजावी. उन्हाळ्यात मोजलेली पातळी फसवी असते.

भरावभूमी म्हणजे ढीग नव्हे, हे आधी ठसले पाहिजे. इंडोनेशियात लेउविगाजाह येथील कचरा डेपो बांडुंग शहर, चिमाही शहर आणि बांडुंग जिल्हा असे तिघे वापरत होते. २१ फेब्रुवारी २००५ रोजी मुसळधार पावसानंतर तो ढीग कोसळला आणि पायथ्याच्या वस्तीतील शंभराहून अधिक माणसे गाडली गेली. उतारांचा कोन, पाण्याचा निचरा, वायू बाहेर काढणाऱ्या नळ्या आणि रोजचे आच्छादन यांची जबाबदारी कोणत्या पदाकडे आहे, ते करारात पदनामासह लिहावे.

यजमान गावाशी बोलणी जागा पक्की झाल्यावर नव्हे, दोन-तीन पर्याय हाताशी असतानाच सुरू करावीत. त्या गावच्या लोकांना कधीही, न कळवता आत येऊन पाहण्याचा हक्क असावा. विहिरींच्या पाण्याचे तपासणी अहवाल त्यांच्या भाषेत गावातच लागावेत. आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा प्रदूषण आढळल्यास कचरा घेणे थांबवण्याचा अधिकार त्यांच्या प्रतिनिधीसह बनलेल्या समितीकडे असावा. दुसऱ्यांचा कचरा सोसणाऱ्या माणसांकडून नुसत्या शब्दावर विश्वास ठेवण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

कचरा वेचून पोट भरणाऱ्या लोकांची नोंद याच टप्प्यावर करावी. त्यांचा माल आणि त्यांची वाट प्रकल्पामुळे बंद होणार असते. वर्गीकरण केंद्रात त्यांना ओळखपत्र, ठरलेली मजुरी आणि सुरक्षेची साधने देऊन सामावून घेतले, तर माल ओळखण्याचे त्यांचे कसब प्रकल्पालाच उपयोगी पडते.

वजनकाटा

सामायिक प्रकल्पात सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे एकच ठिकाण सांगायचे झाले, तर मी वजनकाटा सांगेन. पाचही नगरपालिकांचे पैसे तिथल्या कागदाच्या तुकड्यावर ठरतात.

गाडी येण्यापूर्वी दर्शकावर शून्य आहे ना, हे पाहावे. गाडीची सगळी चाके फलाटावर असावीत, इंजिन बंद असावे, आणि चालक एकतर नेहमी आत किंवा नेहमी खाली असावा. पावसाळ्यात चाकांबरोबर आलेला चिखल आणि खडी फलाट व खड्ड्याच्या कडेमध्ये अडकते, फलाट मोकळा हलत नाही आणि वजन चुकते. ती फट रोज सकाळी साफ करावी. रिकाम्या गाडीचे वजन एकदा घेऊन वर्षभर वापरू नये, कारण गाडीच्या तळाशी थर साचत जातो आणि रिकाम्या गाडीचेच वजन वाढते. दर फेरीला, निदान दर आठवड्याला ते नव्याने घ्यावे. पावतीवर गाडीचा क्रमांक, नगरपालिकेचे नाव, कचऱ्याचा प्रकार, भरलेले व रिकामे वजन, वेळ आणि छायाचित्र असावे. एक प्रत चालकाकडे जावी आणि दिवसाचा एकत्रित तक्ता त्याच संध्याकाळी पाचही नगरपालिकांना मिळावा. काट्याची अधिकृत पडताळणी ठरल्या मुदतीत व्हावी आणि त्या दिवशी प्रत्येकीचा माणूस हजर असावा.

काट्यानंतर दर्जाची तपासणी येते. सुका म्हणून आलेल्या गाडीत ओला कचरा मिसळलेला असेल, तर ती स्वीकारायची, जादा दराने घ्यायची की परत पाठवायची, याच्या मर्यादा टक्क्यांत आणि छायाचित्रांसह आधीच ठरवाव्यात. परत पाठवण्याचा निर्णय पाळीप्रमुखाने तिथेच द्यावा. त्यावरचे अपील नंतर, पावती आणि छायाचित्र पाहून ऐकावे.

पहिले वर्ष आणि बाहेर पडण्याची वाट

पाचही नगरपालिकांचा कचरा एकाच दिवशी सुरू करू नये. सर्वांत जवळच्या नगरपालिकेपासून प्रारंभ करावा आणि तिचे तीन महिन्यांचे आकडे मूळ मोजणीशी ताडून पाहावेत. फरक मोठा निघाला, तर आधी त्याचे कारण शोधावे आणि मगच पुढचीला जोडावे. प्रकल्प काही दिवस बंद पडला तर कुणाचा कचरा कुठे थांबेल याची योजना, जागेच्या नावासह, पहिली गाडी येण्याआधी लिहून तयार असावी.

वर्षाअखेरीस प्रत्येक नगरपालिकेच्या सभेपुढे एकच, सारख्या नमुन्यातला अहवाल जावा : आरक्षित क्षमता, आलेले टन, परत गेलेल्या गाड्या, भरलेले आणि थकलेले पैसे. थकबाकीसाठी दंडव्याजाची अट असतेच. पण त्याहून उपयोगी पडते ती दोन-तीन महिन्यांच्या देयकाइतकी आगाऊ ठेव, कारण शेजाऱ्याचा कचरा दारातून परत पाठवण्याची वेळ शक्यतो येऊच नये.

बाहेर पडण्याची अट करारात सुरुवातीलाच घालावी. निदान दोन वर्षांची पूर्वसूचना, उरलेल्या कर्जातला स्वतःचा वाटा आणि आजवर पुरलेल्या टनांच्या प्रमाणात भरावभूमी बंद करण्याच्या खर्चातला वाटा भरल्यावरच सभासदाला मोकळे करावे. बंद झालेल्या भरावभूमीतून लीचेट आणि मिथेन पुढेही निघत राहतात. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशानुसार कचरा पुरण्याच्या दरातच बंद करण्याचा आणि त्यानंतरच्या किमान ३० वर्षांच्या देखरेखीचा खर्च धरावा लागतो. म्हणून पहिल्या टनापासून दरातला ठरावीक भाग वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामाखेरीज पैसे काढता न येणाऱ्या राखीव खात्यात जमा व्हावा, त्यातून पगार किंवा डिझेलसाठी उसनेही काढता येऊ नये, आणि त्या खात्यावर यजमान गावाच्या प्रतिनिधीची सही लागावी.